पडद्यावरचे सरकते, नोंदीतले राहते

लंबकाच्या वीस आंदोलनांचा वेळ घड्याळावर पाहिला, पण वहीत लिहिलाच नाही, तर प्रयोग झाला असे कोणी म्हणेल काय? निरीक्षण आणि नोंद यांची जोडी आहे. संगणकावर मात्र ही शिस्त आपण सहज विसरतो. टर्मिनलच्या खिडकीत आज्ञा द्यावी, उत्तराच्या ओळी भराभर वर सरकाव्यात, खिडकी बंद करावी, आणि दुसऱ्या दिवशी सरांनी "काल संगणकाने नेमकी कोणती चूक दाखवली?" असे विचारले की डोके खाजवावे! म्हणून टर्मिनलवरचे उत्तर टिपून कसे ठेवायचे ते आज पाहू.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. 1969 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही कार्यप्रणाली जन्मली, तेव्हा संगणकाशी बोलायचे ते टेलिटाइप यंत्रावरून. प्रत्येक आज्ञा आणि प्रत्येक उत्तर कागदावर छापले जाई. पुढे कागदाची जागा पडद्याने घेतली. काम झटपट होऊ लागले, पण कागद गेला आणि त्याबरोबर आपोआप होणारी नोंदही गेली.

नोंदीचे मोल किती? 1967 साली केंब्रिजच्या रेडिओ दुर्बिणीवर जोसलिन बेल ही विद्यार्थिनी काम करीत होती. दररोज सुमारे 30 मीटर कागदी पट्टी ती डोळ्यांखालून घाली. एके ठिकाणी तिला जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची विचित्र खरखर दिसली. जुन्या पट्ट्या चाळल्या, तो आकाशाच्या त्याच भागातून आलेली तशीच खरखर तेथेही सापडली! त्यातून पहिला स्पंदक तारा, म्हणजे पल्सार, उजेडात आला. एखादी गोष्ट महत्त्वाची आहे हे ती घडताना कळत नाही. म्हणून आधी टिपायचे, अर्थ नंतर लावायचा.

पारनेरपासून सरळ रेषेत सुमारे 40 किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना तेथे आकाशाचा वेध घेतात. अशा दुर्बिणींच्या निरीक्षणांवर संस्करण करण्यासाठी खगोलशास्त्रज्ञ 'कासा' नावाची आज्ञावली वापरतात. तीही आपण काय केले याची नोंद एका फाइलमध्ये आपोआप लिहीत जाते.

आता आपल्या संगणकाकडे वळू. लिनक्सवर नोंदीच्या तीन सोप्या रीती आहेत. (आज्ञा यंत्राला रोमन लिपीतील लहान अक्षरांत द्यायच्या, येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.)

पहिली रीत बाणाची. 'डेट > नोंद' असे लिहिले की तारीख-वेळ पडद्यावर न येता 'नोंद' या फाइलमध्ये जाते. शेतात बारे मोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवावे, तसेच हे. पण जपून! एकेरी बाण फाइलमधील जुना मजकूर पुसून टाकतो. जुन्याखाली नवा हवा असेल तर दुहेरी बाण '>>' वापरावा. आणखी एक मेख आहे. संगणकाचे उत्तर आणि त्याची चुकीची सूचना हे दोन वेगळे प्रवाह असतात. एकाचा क्रमांक 1, दुसऱ्याचा 2. साधा बाण पहिल्यालाच वळवतो. चुकीच्या सूचना टिपायच्या तर '2>' असे लिहावे लागते.

दुसरी रीत 'टी' या आज्ञेची. नळाच्या इंग्रजी टी अक्षरासारख्या जोडावरून हे नाव पडले. 'डेट | टी नोंद' असे लिहिले की उत्तर पडद्यावरही दिसते आणि फाइलमध्येही जाते. तिला '-ए' जोडले की जुना मजकूर शाबूत राहतो.

तिसरी रीत नवशिक्याला सर्वांत सोयीची: 'स्क्रिप्ट'. 'स्क्रिप्ट नोंद' अशी आज्ञा द्या आणि नेहमीसारखे काम करा. तुमच्या आज्ञा, उत्तरे, चुका, जे जे पडद्यावर उमटेल ते ते टिपले जाईल. शेवटी 'एक्झिट' म्हटले की नोंद थांबते. येथेही '-ए' नसेल तर त्याच नावाची जुनी फाइल पुसली जाते. फाइल उघडल्यावर मधूनमधून चमत्कारिक चिन्हे दिसली तर घाबरू नका. रंग आणि खोडलेली अक्षरे यांच्या त्या खुणा असतात. संकेतशब्द बहुधा पडद्यावर उमटत नाही, म्हणून नोंदीतही येत नाही. पण जे दिसले ते सर्व येते. तेव्हा फाइल दुसऱ्याला देण्यापूर्वी एकदा वाचावी.

आता प्रयोग करा. शाळेतील संगणकावर 'स्क्रिप्ट सकाळ' म्हणा. मग 'डेट' आणि त्यानंतर 'पिंग -सी 20' व पुढे शिक्षकांनी सुचवलेला दूरच्या संगणकाचा पत्ता द्या. वीस संदेश जाऊन परत येतील आणि प्रत्येकाला लागलेला वेळ मिलिसेकंदांत दिसेल. 'एक्झिट' करा. दुपारी हेच 'दुपार' या फाइलमध्ये टिपा. दोन्हींतील सरासरी, किमान आणि कमाल वेळ यांचा तक्ता करा.

येथे भौतिकशास्त्र डोकावते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. पारनेर ते मुंबई सरळ अंतर सुमारे 165 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 330. भागाकार केला तर सुमारे 1.65 मिलिसेकंद येतात. तार वळणे घेत जाते आणि वाटेत यंत्रे थांबवतात, म्हणून प्रत्यक्ष वेळ याहून जास्तच भरेल. समजा, 'मुंबईच्या' एखाद्या संगणकाने याहून कमी वेळात उत्तर दिले, तर? तर उत्तर देणारा संगणक मुंबईत नसून जवळपासच कोठे तरी आहे, असे खुशाल म्हणा. मात्र कोणी पुरावा मागितला, तर 'सकाळ' आणि 'दुपार' या दोन फाइली तुमच्याजवळ हव्यात!