ड्रायर घेण्याआधी दापोलीचे प्रबंध वाचा, फुकट आहेत

व्हिडिओत 'ओपन अ‍ॅक्सेस' हा शब्द घाईत येऊन गेला आणि पेण-रोह्याच्या बॅचमधून लगेच प्रश्न आला, "सर, हे कॉलेजवाल्यांचं काम, आपल्याला त्याचा काय उपयोग?" म्हणून इथे नीट लिहितो.

कोकमाचंच घ्या. रोह्याकडे कुणी आमसुलं करायची ठरवली की पहिली अडचण पावसाची. फळ एप्रिल-मेमध्ये पिकतं आणि शेवटची तोडणी पावसात सापडते. ऊन नाही म्हणजे सालं वाळत नाहीत, बुरशी धरते. मग ड्रायरचा विषय निघतो. विक्रेता रंगीत माहितीपत्रक पुढे करतो आणि म्हणतो, "अर्ध्या वेळात माल वाळतो." कर्ज तुमच्या नावावर, हप्ता तुम्ही भरणार. मग हे 'अर्ध्या वेळात' खरं की खोटं, ते कुणाला विचारायचं?

त्याची जागा आपल्याच कोकणात आहे. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून काम करतंय. कोकमाच्या 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातिस' या जाती तिथल्याच. तिथली मुलं एम.एस्सी., एम.टेक., पीएच.डी.साठी वाळवणं, साठवणं, प्रक्रिया यांवर प्रबंध लिहितात. पूर्वी असे प्रबंध लायब्ररीच्या कपाटात राहायचे. आता भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या 'कृषिकोष' या संकेतस्थळावर देशभरातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध ठेवले जातात. इतर विद्यापीठांच्या पीएच.डी. प्रबंधांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं 'शोधगंगा' आहे. वाचायला एक रुपया लागत नाही.

ओपन अ‍ॅक्सेस म्हणजे एवढंच: संशोधन कुणालाही, पैसे न देता, इंटरनेटवर वाचता येणं. एरवी नियतकालिकातला एक लेख उघडायला तीस-चाळीस डॉलर मागतात. संशोधनाचा खर्च सरकारी तिजोरीतून आणि वाचायला पुन्हा पैसे, याविरुद्ध जगभर ओरड झाली. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने या चळवळीला नाव दिलं. आपल्याकडे कृषी संशोधन परिषदेने २०१३ मध्ये असं धोरण आणलं, तर केंद्राच्या विज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी २०१४ मध्ये.

कुणी म्हणेल, सरकारने 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजना आणली आहे ना? आणली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. पण ती सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. गल्ल्यावर बसलेला तुमच्या-माझ्यासारखा माणूस त्यात नाही. माझ्या मते हे बरोबर नाही, पण आज स्थिती तीच आहे. म्हणून आपल्याला खुलं काय आहे ते माहीत हवं.

आता वाचायचं कसं? पहिल्या पानापासून सुरुवात केलीत तर झोप येईल. आधी सारांश वाचा आणि थेट 'साहित्य व पद्धती' या प्रकरणावर जा. प्रयोग कुठे झाला आणि कुठल्या महिन्यात झाला? राजस्थानातल्या कोरड्या हवेत जे सहा तासांत वाळेल, ते रोह्याच्या दमट हवेत तेवढ्यात वाळणार नाही. दापोलीचा प्रबंध आपल्याला जास्त उपयोगी तो यामुळेच, हवा आपल्यासारखी. मग ट्रेवर किती किलो माल होता आणि थर किती जाड होता ते बघा. दोन किलो सालं पातळ पसरून मिळालेला आकडा तुमच्या पन्नास किलोंना लागू होत नाही. आणखी एक गोष्ट, जी माहितीपत्रकात कधीच नसते: आमसूल एकदा वाळवून होत नाही. साल कोकमाच्याच रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. लेखातला वेळ एका वाळवणीचा आहे की सगळ्या फेऱ्यांचा, हे तपासलं नाही तर तुमचा सगळा हिशेब चुकेल. आणि ड्रायर नुसता सौर असेल तर ढगाळ दिवसात तो काय करणार? विजेची किंवा लाकडाची जोड होती का, ते बघाच.

बऱ्याच प्रबंधांत खर्चाचं कोष्टकही असतं. दर जुने असतील, पण रकाने कामाचे. त्यात आजचे दर भरा. मात्र 'माल सहा महिने टिकला' असं वाचून तेच तुमच्या लेबलवर छापू नका. तुमचा माल, तुमचं पॅकिंग, तुमची चाचणी. तसंच वाचायला मोफत म्हणजे वापरायलाही मोफत असं नाही. पद्धतीवर पेटंट असू शकतं.

पेणच्या मूर्तीवाल्यांनाही हे लागू आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पीओपीची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवण्याची पद्धत दिली, पुणे महापालिकेने २०१६ पासून ती लोकांपर्यंत नेली. पीओपी म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतं आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं, जे खत म्हणून वापरतात. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा हे दोन वाक्यांत सांगता येणारा दुकानदार वेगळा दिसतो.

एक सावधगिरी. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं ढिगाने आहेत, आणि मशीनवाले त्यांतलेच लेख नाचवतात. काम कुठल्या संस्थेत झालं ते बघा, आकडे कोष्टकात आहेत का ते बघा. नियतकालिक 'डीओएजे' या यादीत आहे का, तेही शोधता येतं.

शोध इंग्रजीत घ्या आणि झाडाचं शास्त्रीय नाव टाका: कोकमासाठी 'गार्सिनिया इंडिका', पुढे 'ड्रायिंग'. गूगल स्कॉलरवर उजव्या बाजूला पीडीएफ दिसली तर उघडा. लेख कुलूपबंद निघाला तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा. बरेच जण आनंदाने प्रत पाठवतात. मग किलो, थर, महिना हे तीन आकडे कागदावर लिहून विक्रेत्याला फोन लावा आणि सांगा, ट्रायल माझ्या मालावर, जून महिन्यात, रोह्यात.