हरलेल्या आव्हानवीराला फेरलढत द्यावी का?

हेवीवेट मुष्टियुद्धाची मोठी लढत झाली की दुसऱ्या दिवशी वाद ठरलेला असतो: हरला त्याला पुन्हा संधी मिळायला हवी की नको? ज्याला जो आवडतो, त्याच्या बाजूने तो बोलतो. आपण मात्र हा प्रश्न क्रमाने सोडवून पाहू. त्यासाठी बॉक्सिंगची माहिती असण्याची गरज नाही. एक खरी लढत समोर ठेवली की पुरे.

ती लढत २१ जून २००३ ची, लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरमधली. जगज्जेता होता ब्रिटनचा लेनॉक्स लुईस, वय ३७. आव्हानवीर, म्हणजे जगज्जेत्याचा पट्टा हिसकावायला उतरलेला, युक्रेनचा व्हिताली क्लिच्को, वय ३१. खरं तर लुईसशी कर्क जॉन्सन लढणार होता. तो जखमी झाला आणि जेमतेम दोन आठवडे आधी क्लिच्कोला विचारणा झाली. सहा फेऱ्या झाल्या, सातवीआधी डॉक्टरांनी लढत थांबवली आणि लुईस विजयी ठरला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली ती विजेत्याची.

सुरुवात गुणपत्रिकेपासून करू. रिंगच्या कडेला तीन परीक्षक वेगवेगळ्या बाजूंना बसतात आणि प्रत्येक फेरीचे गुण स्वतंत्रपणे देतात. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुतेक वेळा ९, आणि तो ठोसा खाऊन खाली पडला असेल तर सहसा ८. जागतिक पट्ट्याची लढत १२ फेऱ्यांची असते. त्या रात्री सहा फेऱ्यांनंतर तिन्ही परीक्षकांच्या कागदावर क्लिच्को ५८-५६ असा पुढे होता. म्हणजे चार फेऱ्या त्याच्या, दोन लुईसच्या.

इथे पाहणाऱ्याची गफलत होते ती अशी. एखादी फेरी जबरदस्त गाजते आणि तीच डोक्यात राहते. दुसऱ्या फेरीत क्लिच्कोच्या ठोशांनी लुईस चांगलाच डळमळला होता, पण तो पडला नाही. अशी फेरी आणि एखादी रटाळ, थोडक्यात जिंकलेली फेरी कागदावर सहसा सारख्याच मोलाच्या, १०-९. टीव्हीवरचे समालोचकही आपापले गुण सांगत असतात. ते ऐकायला हरकत नाही, पण निकालाशी त्यांचा संबंध नसतो.

मग पुढे असलेला माणूस हरला कसा? ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि घाईही इथेच होते. तिसऱ्या फेरीत लुईसच्या ठोशाने क्लिच्कोची डाव्या डोळ्यावरची कातडी फाटली. जखम वाढत गेली. डॉक्टरांनी त्याला मान वर करायला लावली तेव्हा वरची पापणी डोळ्यावर ओघळत होती. समोरचा ठोसा दिसत नसताना हेवीवेटशी कुणाला लढू देणं म्हणजे जिवाशी खेळ. क्लिच्को ‘मला लढायचंय’ म्हणून संतापला. तरी लढत थांबवणं मला योग्यच वाटतं.

नियम असा आहे. नियमाप्रमाणे मारलेल्या ठोशाने जखम झाली आणि तिच्यामुळे लढत थांबली, तर तो टेक्निकल नॉकआउट. म्हणजे खेळाडू बेशुद्ध पडलेला नसतो, पण पुढे लढण्याजोगा राहिलेला नाही असं ठरवून त्याला पराभूत धरतात. त्या वेळी गुण मोजतच नाहीत. कुस्तीत गुणांवर पुढे असलेला मल्ल चितपट झाला की त्याचे गुण कुणी विचारत नाही, तसंच. पण तीच जखम दोघांची डोकी चुकून आपटल्यामुळे झाली असती, तर? साधारणपणे चार फेऱ्या पूर्ण झालेल्या असतील तर अशा वेळी गुणपत्रिका उघडतात. तसं झालं असतं तर त्याच रात्री क्लिच्को जगज्जेता होता.

म्हणून ‘लुटलं त्याला’ हे म्हणणं चूक. ती जखम लुईसच्याच मुठीची कमाई होती. पण ‘हरला तो हरला, विषय संपला’ हेही मला पटत नाही. फेरलढतीचा हक्क कशावरून ठरवावा, तर पहिल्या लढतीने प्रश्न सोडवला की अर्धवट ठेवला, यावरून. लुईस दमलेला दिसत होता, अर्धी लढत बाकी होती, आव्हानवीर पुढे होता. सातव्या फेरीपासून पुढे काय झालं असतं, हे कुणालाच ठाऊक नाही. क्लिच्कोचा हक्क पक्का होता.

हीच कसोटी दुसऱ्या लढतीला लावून पाहा. २६ ऑगस्ट २०२३, पोलंडमधलं व्रोत्सुआव्ह शहर. जगज्जेता ओलेक्सांद्र उसिक, आव्हानवीर ब्रिटनचा डॅनियल दुबुआ. पाचव्या फेरीत दुबुआच्या ठोशाने उसिक कोसळला. ठोसा कमरपट्ट्याच्या रेषेवर लागला की खाली, यावर आजही भांडणं होतात. रिंगमधल्या पंचांनी तो खाली, म्हणजे नियमबाह्य ठरवला आणि उसिकला सावरायला वेळ दिला. पुढे आठव्या फेरीत उसिकने दुबुआला खाली पाडलं आणि नवव्या फेरीत लढत संपवली. दुबुआच्या गोटाने दाद मागितली, ती फेटाळली गेली. मला ते बरोबर वाटतं. एका ठोशाबद्दल शंका आहे, ती रास्तही आहे. पण त्यानंतरच्या फेऱ्यांत कोण वरचढ, हे स्पष्ट दिसलं होतं.

हक्क आहे असं ठरलं तरी काम झालेलं नसतं. पुढे येतो करार. मोठ्या लढतींच्या करारात फेरलढतीचं कलम असू शकतं: हरलो तर पुन्हा लढायचा हक्क माझा. पण हे कलम लिहून घेण्याची ताकद बहुधा जगज्जेत्याकडे असते. २०१९ च्या जूनमध्ये अँडी रुईझने जगज्जेत्या अँथनी जोशुआला हरवलं, तेव्हा डिसेंबरमध्ये सौदी अरेबियात लगेच फेरलढत झाली, कारण जोशुआच्या करारात ती सोय होती. संधी मिळाली यातच आनंद मानणाऱ्या आव्हानवीराला असं कलम क्वचितच मिळतं. दोन आठवडे आधी बोलावलेल्याला तर विसराच.

त्यानंतर पट्टे देणाऱ्या संस्था. आज डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार प्रमुख संस्था आहेत. प्रत्येकीची आव्हानवीरांची क्रमवारी वेगळी असते आणि ठरावीक काळात अव्वल आव्हानवीराशी लढण्याचं बंधन जगज्जेत्यावर असतं. एकाला लगेच फेरलढत दिली की रांगेतला दुसरा तिष्ठत राहतो, हा आक्षेप खोटा नाही.

आणि शेवटी जगज्जेत्याची इच्छा. लुईस-क्लिच्को फेरलढतीची बोलणी झाली, जमलं मात्र नाही. क्लिच्कोने डिसेंबर २००३ मध्ये त्याच कर्क जॉन्सनला दुसऱ्या फेरीत हरवून आपला दावा आणखी घट्ट केला. फेब्रुवारी २००४ मध्ये लुईसने निवृत्ती जाहीर केली. रिकाम्या झालेल्या डब्ल्यूबीसी पट्ट्यासाठी क्लिच्कोने एप्रिलमध्ये कॉरी सँडर्सला हरवलं, तेही स्टेपल्स सेंटरमध्येच. पट्टा मिळाला, फेरलढत कधीच नाही. जिंकून निवृत्त व्हायचा हक्क लुईसला होता, पण त्या निवृत्तीला थोडी पळवाटेची चव आहे, असं मला आजही वाटतं.

एक गैरसमज राहिला. फेरलढतीत हरला म्हणजे तिच्यावर त्याचा हक्कच नव्हता, असं अनेक जण धरून चालतात. ५ डिसेंबर १९४७ ला न्यूयॉर्कमध्ये जर्सी जो वॉलकॉटने जगज्जेत्या जो लुईसला (आपल्या लेनॉक्सशी याचं नातं नाही) दोनदा खाली पाडलं. तेव्हा पंचही गुण देत. पंचांनी वॉलकॉटला कौल दिला, दोन परीक्षकांनी लुईसला, आणि पट्टा लुईसकडेच राहिला. निकाल जाहीर होण्याआधीच लुईस रिंगमधून निघायला लागला होता! फेरलढत जून १९४८ मध्ये झाली आणि लुईसने अकराव्या फेरीत वॉलकॉटला नॉकआउट केलं. म्हणून पहिल्या लढतीतली शंका चुकीची ठरत नाही. वॉलकॉट १९५१ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, जगज्जेता झालाच.

दुबुआनेही मग रिंगमध्येच हक्क कमावला. २०२४ मध्ये आयबीएफचा पट्टा त्याच्याकडे आला आणि सप्टेंबरमध्ये वेम्ब्लीत त्याने जोशुआला पाचव्या फेरीत झोपवलं. १९ जुलै २०२५ ला, पुन्हा वेम्ब्लीतच, उसिक समोर उभा राहिला. या वेळी दुबुआ आव्हानवीर म्हणून नाही, तर स्वतःचा पट्टा घेऊन उतरला होता. उसिकने त्याला पाचव्या फेरीत नॉकआउट केलं, आणि या खेपेला पंचांकडे बोट दाखवण्याजोगं काही घडलं नाही.