माणूस सापडला, पण तोच का?

काही वर्षांपूर्वी आमच्या पुरुष वॉर्डात एकाच वेळी एकाच नावाचे दोन रुग्ण होते. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही सारखी. जन्मतारीख दोघांचीही १ जून. यात नवल काही नाही. आपल्याकडे एका पिढीची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनीच ठरवली आहे. वर्षं तेवढी वेगळी होती, तीही अंदाजाने लिहिलेली. एकाचा रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्याच्या फाइलला लागला. हिमोग्लोबिन ६. रक्त चढवायची तयारी झाली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, ‘‘सर, हा गडी तर मघाशी जिना चढून वर आला.’’ तिथे आम्ही थांबलो.

हा प्रसंग परवा आठवला तो भाचीमुळे. ती सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिने मला वीसेक पानं पाठवली आणि म्हणाली, ‘‘मामा, औषधाच्या डब्यातलं पत्रक वाचता तसं हे वाचा.’’ माणसं शोधून देणाऱ्या एका साधनाची ती माहितीपुस्तिका होती. हे साधन वापरणार ‘एआय एजंट’, म्हणजे नुसतं उत्तर न देता आपणहून शोध घेणारा, फॉर्म भरणारा, संदेश पाठवणारा प्रोग्राम. साधन कधी वापरायचं, त्यात काय भरायचं आणि आलेल्या उत्तरावर किती विसंबायचं, हे तो मुख्यतः त्या मजकुरावरूनच ठरवतो. आमचा निवासी डॉक्टर अडला की रात्री दोनला फोन करतो. एजंटला ‘अडलास तर विचार’ असं कुणीतरी लिहून ठेवावं लागतं.

साधन काय काय करतं, याचं वर्णन ऐसपैस होतं. एकाच नावाची चार माणसं निघाली तर काय, हे मात्र कुठे नव्हतं. पहिलं नाव द्यायचं आणि शेजारी ‘०.९१’ असा गुण. हा गुण कशाचा? तोच माणूस असण्याची शक्यता, की नुसतं अक्षरांचं साम्य? भाचीने माझंच नाव टाकून पाहिलं. पहिले आले ते दुसऱ्या जिल्ह्यातले माझे नामबंधू, जनावरांचे डॉक्टर. गुण ०.९१!

आम्हा वैद्यकीय मंडळींना हा सापळा ओळखीचा आहे. समजा, चाचणी हजारात एकदाच चुकते. ऐकायला उत्तमच. पण शोधायचाय एक माणूस आणि नोंदी आहेत १० लाख, तर खऱ्या माणसाबरोबर सुमारे हजार चुकीची माणसं ‘सापडतील’. त्यात आपली नावं. सरकारी कागदावर आडनाव आधी, बँकेत शेवटी. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, कधी पाळण्यातलं नावही. ‘चव्हाण’ रोमन लिपीत किती तऱ्हांनी लिहितात, ते आमच्या केसपेपर खिडकीवर येऊन पाहावं. ही अचूकता कुठल्या देशातल्या नावांवर तपासली, याबद्दल पुस्तिकेत अवाक्षर नव्हतं. फोन नंबर कधीचा, तेही नाही. बंद पडलेला नंबर आपल्याकडे ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो.

असं साधन आम्हाला नको आहे, असं नाही. क्षयरोगाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात बळ येतं आणि रुग्ण ऊसतोडीला निघून जातो. फोन बंद. त्याला शोधणं फार गरजेचं असतं. आमची चांगली आरोग्यसेविका मात्र त्याच्या वस्तीवर गेली तर शेजाऱ्यापुढे आजाराचं नाव काढत नाही. तो स्वतः भेटला तरी ‘तुम्ही अमुक ना?’ असं विचारत नाही. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ म्हणते, कारण कमी ऐकू येणारा माणूस कशालाही मान डोलावतो. एजंटने चुकीच्या नंबरावर ‘तुमच्या टीबीच्या गोळ्या राहिल्या आहेत’ असा संदेश धाडला, तर एखादं ठरलेलं लग्न मोडायला तेवढं पुरे.

मला सर्वांत जास्त खटकलं ते पुढेच. शोधणारा कोण आणि कशासाठी शोधतोय, हा प्रश्नच साधन विचारत नव्हतं. ‘कायदेशीर कारणासाठीच वापरावे’ अशी एक ओळ, संपलं. मार खाऊन आलेली बाई आमच्याकडे दाखल असते आणि काउंटरवर एक गृहस्थ अगदी नम्रपणे विचारतो, ‘‘माझी मिसेस इथे आहे का?’’ अनुभवी सिस्टर आधी आत जाऊन त्या बाईला विचारून येतात. कायदा इथे पुरा पडत नाही. २०२३चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमतीची अट घालतो खरा. पण माणसाने स्वतःच सार्वजनिक केलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर राहते.

भाचीला मी लिहून दिलं: औषधाच्या पत्रकात ‘कोणाला देऊ नये’ हा भाग असतो, तो इथे हवा. एकाहून जास्त माणसं जुळली तर एजंटने थांबून माणसाला विचारावं. गुणाचा अर्थ आणि माहितीची तारीख लिहावी. आणि ‘सापडला नाही’ हेही धड उत्तर मानावं. आमचा रोगनिदानशास्त्रज्ञ ‘नमुना अपुरा’ असं बेधडक लिहितो, तसं.

गेल्या रविवारी तिचा फोन आला. तारीख आणि ‘सापडला नाही’ हे दोन्ही आता पुस्तिकेत आलं आहे. शोधण्याचं कारण विचारायचं की नाही, यावर त्यांच्या बैठका चालू आहेत. वापरणारे वैतागतील, असं काहींचं म्हणणं. आमच्या काउंटरवरही लोक वैतागतात, हे मी तिला सांगितलं.