कॉक्स की क्रोन?

पोटविकारांच्या ओपीडीबाहेर अर्धा तास बसलं की एक शब्द हमखास कानावर पडतो : एकेटी. म्हणजे अँटी-कॉक्स ट्रीटमेंट. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला आणि त्याच्या नावाचं आपल्याकडे 'कॉक्स' झालं. टीबी म्हटलं की घरात भांडी वेगळी होतात, ठरलेली लग्नं मोडतात. केसपेपरवर कॉक्स लिहिलं की निदान शेजाऱ्यांना तरी कळत नाही.

माझ्या भाच्याच्या फायलीत हा शब्द प्रश्नचिन्हासह आला. वय चोवीस. उजव्या बाजूला खाली पोटात कळा, संध्याकाळी कणकण, पँट कमरेवरून घसरायला लागलेली. दुर्बिणीच्या तपासणीत लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे व्रण दिसले. रिपोर्टच्या तळाशी एकच ओळ : कॉक्स किंवा क्रोन.

क्रोन म्हणजे आतड्याचा चिवट दाह, पण हे दोन आजार जुळ्या भावांसारखे आहेत. जागा तीच, ताप तोच, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशींच्या गाठीही तशाच. क्षयाचे व्रण बहुधा आडवे, क्रोनचे उभे. क्षयाच्या गाठीचा गाभा पनीरासारखा मऊ पडतो. पण हे पुस्तकातलं. प्रत्यक्षात आतड्याच्या तुकड्यात क्षयाचे जंतू इतके विरळ असतात की तपासणी निगेटिव्ह आली तरी क्षय नाही असं म्हणता येत नाही. आणि चूक महागात पडते. क्रोन समजून स्टेरॉइड दिलं आणि निघाला क्षय, तर तो अंगभर पसरायला मोकळा. म्हणून आपल्याकडे अशा वेळी पुष्कळदा आधी एकेटी देतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात. व्रण भरले तर क्षय.

गंमत अशी, की हा गोंधळ क्रोनच्या जन्मापासूनचा आहे. ग्लासगोचे सर्जन केनेडी डॅल्झिएल यांनी १९१३ मध्ये अशा आतड्यांचं वर्णन केलं. दिसायला क्षय, पण जंतू सापडेना. त्यांना आठवला गुरांचा जोन्स रोग, ज्यात जनावर हगवणीने खंगत जातं. त्याचा जंतू क्षयाच्याच कुळातला. पुढे १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी निबंध लिहिला. नावं वर्णक्रमाने छापली गेली आणि आजार क्रोनच्या नावावर चढला.

डॅल्झिएलची शंका मात्र मेली नाही. १९८४ मध्ये रॉड्रिक चिओदिनी यांनी क्रोनच्या रुग्णांच्या आतड्यातून गुरांच्या जंतूशी जुळणारा जंतू वाढवून दाखवला. काही देशांत पाश्चरीकृत दुधातही तो जिवंत सापडला. (दूध उतू जाईपर्यंत तापवणाऱ्या आपल्या आयांना हे सांगायला हवं.) अल्सरचा जंतू बॅरी मार्शल यांनी स्वतः पिऊन दाखवला होता आणि त्या शोधाला २००५ मध्ये नोबेल मिळालं, त्यामुळे क्रोनबद्दलही आशा होती. शेवटी ऑस्ट्रेलियात २१३ रुग्णांवर चाचणी झाली. तीन प्रतिजैविकं, त्यात एक कुष्ठरोगावरचं, दोन वर्षं. सोळाव्या आठवड्याला फरक दिसला. नंतर तो टिकला नाही.

मला त्याहून मोठा पुरावा वाटतो तो औषधांचा. इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शनं प्रतिकारशक्तीचा एक हात बांधून ठेवतात. त्यांनी झोपलेला क्षय उठतो, क्रोनचे व्रण मात्र भरतात. क्षयासारखाच जंतू मुळाशी असता तर हे उलट झालं असतं.

म्हणजे जंतूंचा संबंधच नाही? तसंही नाही. जंतूंच्या भिंतीचे तुकडे ओळखणाऱ्या नॉड-२ या जनुकात बिघाड असला तर क्रोनचा धोका वाढतो, हे २००१ मध्ये कळलं. भारतीयांत मात्र ते ठरावीक बिघाड क्वचितच सापडतात. डेन्मार्कमध्ये साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टरची बाधा झालेल्यांत पुढे आतड्याचा दाह जास्त आढळला. मग कुणीतरी शौचाच्या तपासणीत जंतू न सापडलेल्यांची नोंद पाहिली, तर धोका त्यांच्यातही वाढलेला! मूळ आजाराचेच जुलाब होत होते, म्हणून तर तपासणी झाली होती.

आतड्याच्या दाहाचा दुसरा प्रकार म्हणजे मोठ्या आतड्यातला अल्सरेटिव्ह कोलायटिस. त्याची कथा वेगळी. रक्त पडलं की आपण म्हणतो 'आव पडतेय' आणि मेडिकलमधून मेट्रोनिडॅझोल आणतो. त्यात महिने जातात. उलट अमीबाची आव असताना कोलायटिस म्हणून स्टेरॉइड दिलं तर आतडं फाटू शकतं. दोन्हीकडे आधी शौच तपासायला हवं, आणि नेमकं तेच द्यायला लोक लाजतात.

भाच्याने दोन महिने एकेटी घेतली. लघवी केशरी झाली, ताप गेला. दुसऱ्या दुर्बिणीत व्रण होते तिथेच होते, उभेच्या उभे. गोळ्या बंद झाल्या, नवी इंजेक्शनं ठरली. त्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची रक्ततपासणी लिहून दिली.

ताई वैतागली. "डॉक्टर, कॉक्स नाही म्हणालात ना?"

"नाहीच, ताई. पण या इंजेक्शनांनी व्हायला नको."