बोटीवरचा संडास तुंबला? आधी टाकीचा हवेचा पाइप बघा

नाखवा मंडळी, हा विषय जेवताना काढायचा नाही, पण कधीतरी काढायलाच हवा. आपल्या बऱ्याच बोटींवर आजही संडास नाही. मागच्या बाजूला काहीतरी धरून बसायचं, असंच चालत आलंय. रात्री वाऱ्यात तसा बसलेला खलाशी पाण्यात पडला, तर इंजिनाच्या आवाजात त्याची हाक कोणाला ऐकू जात नाही. म्हणून ज्यांनी केबिनमागे छोटा संडास आणि खाली मैल्याची टाकी बसवलीय, त्यांनी चांगलंच केलं. पण दोन-चार फेऱ्यांत तो तुंबतो. मग दार बांधून आत जुनी जाळी कोंबतात आणि खलाशी पुन्हा मागच्या फळीवर.

हातपंपाचा संडास असेल तर अडलंय कुठे ते पंपाचा दांडाच सांगतो. दांडा हलका चालतोय पण भांड्यात पाणी येत नाही, तर गडबड पाणी ओढायच्या बाजूला आहे. समुद्राचा कॉक बंद राहिलाय, नाहीतर गाळणीत शेवाळ किंवा प्लास्टिक अडकलंय. उपसलेलं पाणी आपोआप भांड्यात परत येतंय, तर पंपाच्या बाहेर जायच्या तोंडाशी चोचीसारखा रबरी व्हॉल्व्ह असतो, तो झिजलाय. रबर छोटंसंच, एक जादा जवळ ठेवा. आणि दांडा घट्ट झाला, तर जोर लावू नका. पंपाचं सील फुटलं की सगळं केबिनमध्ये.

दांडा घट्ट म्हणजे पुढचा रस्ता बंद. टाकी भरली का, मधला कॉक उघडा आहे का, एवढं बघून लगेच हवेचा पाइप बघा. टाकीच्या वरून एक बारीक पाइप बोटीच्या बाजूला बाहेर काढलेला असतो. त्याच्या तोंडाशी मीठ साचतं. बोट रंगवताना ते रंगाने बुजतं. बंदीत बोट शाकारून ठेवली की कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते. आतली हवा बाहेर जात नाही, मग मैला तरी कुठे जाणार? बाहेरून गोड्या पाण्याची नळी लावून पाइप मोकळा करा. अशा टाकीचं झाकण एकदम उघडू नका, आत दाब असतो, तोंडावर येईल. आणि हवेचा पाइप बुजलेला असताना मशीनने टाकी उपसली, तर प्लास्टिकची टाकी आत दबून फाटते.

हवा मोकळी असूनही घट्ट? मग पाइपच अरुंद झालाय. लघवी आणि खारं पाणी एकत्र आलं की पाइपात पांढरट कठीण थर धरतो. त्यावर विडीची थोटकं, गुटख्याच्या पुड्या आणि जाळं शिवतानाचा नायलॉनचा तुकडा. हा दोरा सगळ्यात वाईट, व्हॉल्व्हला गुंडाळून बसतो. तार घालून भोसकू नका, पाइप फाटतो. पाइप काढून धक्क्यावर आपटला की थर तुकड्यांनी पडतो. दर वेळी वापरानंतर आठ-दहा जादा दांडे मारले आणि अधूनमधून रात्रभर व्हिनेगर ठेवलं, तर ही वेळच येत नाही.

आता जिवाची गोष्ट. टाकीत कोणी उतरायचं नाही. डोकंसुद्धा आत घालायचं नाही. साठलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. हवेच्या दहा लाख भागांत साधारण १०० भाग झाला की नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. त्याहून वाढला तर माणूस जागीच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तिथेच पडतो. मासे सडलेल्या खणातही हाच वायू असतो, तिथेही हेच होतं. टाकीत अ‍ॅसिड ओतलं तर हा वायू आणखी सुटतो. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग एकत्र केलं तर क्लोरीन. टाकी बाहेरूनच, उपसायच्या मशीनने साफ करून घ्या.

उपसलेलं टाकायचं कुठे? मार्पोल कराराच्या चौथ्या परिशिष्टात मोठ्या जहाजांना प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही. आपल्या बोटी त्या नियमात बसत नाहीत, पण माप तेच धरा. खाडीत तर नाहीच. तिसऱ्या आणि कालवं तेच पाणी गाळून जगतात. ती वेचायला आपल्याच घरच्या बायका जातात आणि आपलीच पोरं खातात. भोपाळच्या बड्या तलावाचं बघा. शहराला प्यायचं पाणी देणारा तलाव, २००२ पासून रामसर यादीत. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या क्रूझ आणि मोटारबोटी बंद करायला सांगितल्या. पाणी खराब झालं की आधी बोटवाल्याकडेच बोट दाखवतात.

बंदी संपून बोट पाण्यात लोटण्याआधी एक काम करा. टाकीत थोडं गोडं पाणी घ्या. एकाने पंप मारावा, दुसऱ्याने बाहेर हवेच्या पाइपाच्या तोंडाशी ओला हात धरावा. हाताला वारा लागला तर रस्ता मोकळा आहे.