फ्यूजची जाड तार आणि गांवचा अंधार

उन्हाळी भातास व भाजीपाल्यास पाणी देण्याचे दिवस आले, म्हणजे पेण व रोहा तालुक्यांतील शेतकरी बांधवांची एक तक्रार हटकून कानीं येते: बिघाड होतो एका पंपांत आणि अंधार पडतो चार गांवांत. यांत सर्वच दोष वीज कंपनीचा नसून कांहीं आपल्या डीपींतही असतो, हें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

भिऱ्याचें जलविद्युत्केंद्र १९२७ सालीं सुरू झालें. तेथील चक्रें फिरवून आलेलें पाणी कुंडलिकेंत उतरतें, व कोलाडजवळील बंधाऱ्यावरून कालव्यांनीं शेतांस मिळतें. त्या कालव्याचाच दृष्टांत घेऊं. एका खाचराचा बांध फुटला, तर शहाणा शेतकरी त्या खाचराचें तोंड बुजवितो. तें न साधल्यास पाटाचें दार लावतो. कालवा बंद करण्याची पाळी अगदीं शेवटीं येते.

विजेच्या जाळ्याची रचना अशीच आहे. पंपाजवळचा फ्यूज, डीपीचे दोन्ही बाजूंचे फ्यूज, आणि उपकेंद्रांतील फीडरचा रिले, असे पहारेकरी एकामागें एक उभे असतात. बिघाडाची झळ सर्वांस एकदमच लागते; म्हणून जवळच्यानें प्रथम सुटावें व वरच्यानें क्षणभर थांबावें, असा क्रम लावावा लागतो. दोन रिल्यांच्या वेळांत साधारणतः ०.३ ते ०.४ सेकंदांचें अंतर ठेवितात. प्रवाह जितका मोठा तितका सुटण्याचा वेळ कमी, हा फ्यूजचा व अशा रिलेचा समान धर्म होय.

आतां जाड तारेचा परिणाम पाहावा. तांब्याच्या तारेचा व्यास दुप्पट केला, तर ती वितळण्यास लागणारा प्रवाह दुप्पट नव्हे, सुमारें २.८ पट होतो. ५ अश्वशक्तीचा पंप पूर्ण भारावर अवघा सात-आठ अँपिअर घेतो. १०० केव्हीएचें रोहित्र ४३३ व्होल्टांवर सुमारें १३३ अँपिअर देऊं शकतें. पहिल्या पहारेकऱ्यास असें झोपविलें, कीं बेताचा बिघाड वरचा रिले ओळखतच नाहीं व रोहित्र तापून जळतें. बिघाड मोठा असून डीपीच्या वरच्या फ्यूजांतही जाड तार असली, तर सारा फीडर सुटतो. ऐन पाण्याच्या पाळींत रोहित्र जळालें, तर उभें पीक हातचें जातें.

आणखी एक गोष्ट जिवाची आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळांत या जिल्ह्यांत असंख्य खांब व तारा पडल्या. कोरड्या जमिनीवर पडलेल्या तारेंतून प्रवाह थोडाच वाहतो. त्यामुळें कोणताही पहारेकरी न सुटतां तार जिवंत राहूं शकते. पडलेली तार मृत मानूं नये, जवळ जाऊं नये, व उपकेंद्रास कळवावें.

सारांश, फ्यूजसाठीं ठरलेलीच तार वापरावी, डीपीस वायरमनखेरीज कोणीं हात लावूं नये, व नवा पंप बसवितांना त्याची अश्वशक्ति वीज कंपनीस खरी सांगावी. कारण भार खरा कळल्यावांचून या पहारेकऱ्यांचा क्रम बरोबर लागत नाहीं.