अंगणातली शेती (लेखांक ५) : हस्तात भरा, चित्रेत पेरा

या दिवसांत निफाड किंवा दिंडोरीच्या बाजूला गेलात, तर कांद्याची रोपं टाकण्याची तयारी जागोजाग दिसेल. मीटरभर रुंद, तीन-चार मीटर लांब आणि १५ सेंटिमीटर उंच असे गादीवाफे करायचे, त्यांवर आडव्या रेघा ओढून बी टाकायचं आणि चाळलेल्या शेणखताने झाकायचं, ही इकडची रीत. काळ्या मातीत पाणी थांबलं की कोवळं रोप जमिनीलगत सडतं आणि आडवं होतं. कांदेवाले त्याला ‘मर’ म्हणतात. एवढ्याशा उंचीने ती पुष्कळ आटोक्यात राहते.

आपण अंगणात करणार आहोत तो हाच गादीवाफा, फक्त चारही बाजूंनी बांधलेला आणि थोडा जास्त उंच. थंड देशांतल्या बागकामाच्या पुस्तकांत उंच वाफ्याचा एक मोठा फायदा सांगितलेला असतो : हिवाळा संपताना त्यातली माती लवकर तापते. नाशिकला माती तापवायची गरज कोणाला आहे? आपली अडचण निचऱ्याची. बेसॉल्टपासून झालेली ही काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. पावसाळ्यात तिच्यात वाफसा यायला दिवसच्या दिवस लागतात आणि तोवर मुळांना हवा मिळत नाही. त्यातही इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर येवल्या-सिन्नरला त्याचा पाव हिस्साही नाही. म्हणजे त्र्यंबकच्या बाजूला राहणाऱ्याने वाफा दीड फूट करावा, सिन्नरकडच्याने नऊ इंचांवर थांबावं. शहरात एक फूट पुरे.

शहरात आणखी एक भानगड असते. पाथर्डी फाटा, इंदिरानगर, गंगापूर रोड इथल्या नव्या बंगल्यांच्या आवारात वरची माती बहुधा जागेवर उरलेलीच नसते. असतो तो मुरूम आणि त्यात मिसळलेला बांधकामाचा राडारोडा. सिमेंट-चुन्याने माती आणखी विम्लधर्मी होते, झाडाला लोह घेता येत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा जागेत खत ओतत बसण्यापेक्षा वर नवी माती चढवणं स्वस्त पडतं.

जागा कशी हेरायची ते गेल्या आठवड्यात पाहिलं. त्यात एकच भर घालतो. कुंपणाची भिंत वाफ्याच्या दक्षिणेला असेल, तर जपून. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि नाशिकच्या अक्षांशावर पाच फुटी भिंतीची सावली भर दुपारीसुद्धा पावणेपाच फूट पडते. सप्टेंबरात उन्हाची वाटलेली जागा थंडीत सावलीत गेलेली असते. वाफा दक्षिणोत्तर लांब ठेवा. रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि आत पाय ठेवावा लागत नाही. भिंतीला लागून असेल तर दोन-सव्वादोन फूटच.

बाजूंसाठी लाकडी फळ्या छान दिसतात, पण आपल्याकडे जमिनीला टेकलेलं साधं लाकूड वाळवी सोडत नाही. साध्या विटा घ्या. आठ बाय चार फुटांच्या, एक फूट उंच वाफ्याला सव्वाशे-दीडशे विटा लागतात. सांध्यावर सांधा येऊ न देता चार थर कोरडेच रचा. सिमेंट नको, पाण्याला फटी हव्यात. तळाला फरशी किंवा प्लास्टिक तर अजिबात नको. उलट खालची जमीन टिकावाने वीतभर सैल करा आणि हरळीच्या मुळ्या, लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढा. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात. लव्हाळा फूटभर मातीतूनही वर येतो. मग तो उपटायला गेलं की नुसतं पातं हातात येतं, गाठ खालीच राहते.

खरा वाफा म्हणजे त्यात भरलेली माती. विटांवर खर्च करून आत शेतातली काळी माती तशीच ओतली, तर डबक्याला कठडा बांधल्यासारखं होतं. आपल्या मापाच्या वाफ्यात ३२ घनफूट, म्हणजे साधारण ९०० लिटर भरताड मावतं. घमेल्यांच्या हिशेबात साठ-सत्तर. तळाचे चार इंच काडीकचऱ्याचे करा. रसवंतीवाला उसाची चिपाडं आनंदाने देतो, सोसायटीतला पाचोळा तर फुकटच. द्राक्षाची गोडी छाटणी आता सुरू होईल आणि बागेतल्या काड्या कोणी देऊ करील. त्या घ्यायच्याच तर बारीक तुकडे करून सर्वांत खाली आणि थोड्याच. हिरवट काड्या कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतात. शिवाय त्यांच्यावर फवारलेलं काय काय असतं, तेही विचारात घ्यावं.

वरच्या आठ इंचांत दोन भाग पोयट्याची किंवा लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि अर्धा ते एक भाग भाताचं तूस. घोटीच्या भातगिरण्यांमुळे तूस आपल्याला सहज मिळतं, त्यामुळे दुरून येणाऱ्या कोकोपीटच्या विटांवर पैसे घालवावेत असं मला वाटत नाही. तूस हळू कुजतं, तोवर माती भुसभुशीत ठेवतं. शेणखताबाबत मात्र तडजोड नको. काळं, मोकळं आणि वास नसलेलं असेल तरच घ्या. अर्धकच्च्या शेणातून हुमणी येते आणि ती मुळंच खाते.

मग पेरायची घाई करू नका. हस्ताचा पाऊस अजून बाकी आहे. त्याची एक जोरदार सर आली की बारीक बी एका कोपऱ्यात वाहून जातं. त्यापेक्षा आत्ता भरा आणि पाऊस त्यावर पडू द्या. भरताड दोन-तीन इंच बसेल, तितकं पुन्हा घाला. टोमॅटो-फ्लॉवरची रोपं तोवर आडोशाला ट्रेमध्ये वाढू देत. चित्रा नक्षत्र १०-११ ऑक्टोबरला लागतं, तेव्हा पेरा.

गच्चीवर असाच वाफा करू का, असं बरेच जण विचारतात. आधी हिशेब करा. एक फूट खोल ओल्या मातीचं वजन दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास जातं. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये धरलेला भार १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो. संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय गच्चीवर विटांचा वाफा नकोच. तिथे हलक्या कुंड्या बऱ्या.

लावणीत उंच पिकं उत्तरेला. त्या टोकाला दोन दोन फुटांवर चार टोमॅटो आणि त्यांच्यामागे काठ्यांवर वाल. मग दीड फुटावर फ्लॉवर, आणि फ्लॉवर पसरेपर्यंत मधल्या जागेत मुळा. तो दीड महिन्यात निघून जातो, जागेचं भाडं देऊन. दक्षिणेच्या भागात मेथी, पालक, कोथिंबीर. धने चपलेखाली हलके रगडून दोन फाका करून पेरा. विटांच्या कडेने चार-चार इंचांवर लसणाच्या पाकळ्या, टोक वर. मेथी सगळी एकदम टाकू नका. दर दहा दिवसांनी दोन ओळी टाकल्या, तर महिन्याने रोज भाजीपुरती निघत राहते. नाहीतर एका रविवारी शेजाऱ्यापाजाऱ्यांना जुड्या वाटत हिंडावं लागतं.

रोपं संध्याकाळी लावा, ऑक्टोबरचं ऊन दुपारी त्यांना टिकू देत नाही. निचरा चांगला असलेला वाफा तितकाच लवकर सुकतो, हे या सोयीचं दुसरं अंग. उघड्या मातीवर दोन इंच पाचोळा पसरा आणि पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं आत खुपसून पाहा. गार लागलं तर झारी खाली ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये मात्र झारीने भागणार नाही, ठिबक लागेल. त्याच्या नळ्या, गाळणी आणि खर्च यांचा हिशेब पुढच्या लेखांकात.